डासाच्या पोटातले काळे ठिपके : सर रोनाल्ड रॉस

हैदराबादेत नल्लाकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलला जुनी माणसे अजूनही कोरंटी दवाखाना म्हणतात. कोरंटी म्हणजे क्वारंटाइन. साथीच्या रोग्याला गावापासून दूर ठेवायची जागा. काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा या भागांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा दवाखाना चांगला ठाऊक आहे. पण त्याच्या पाटीवरचे पूर्ण नाव विचारले तर बरेच जण अडखळतील. ते नाव सर रोनाल्ड रॉस यांचे आहे. हा गोरा डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिकंदराबादच्या छावणीत नोकरीला होता आणि बेगमपेटच्या एका लहानशा लष्करी दवाखान्यात बसून त्याने हिवतापाचे कोडे सोडवले. अवजार म्हणाल तर एक सूक्ष्मदर्शक, दोन सुया आणि काचेच्या पट्ट्या. त्याची गोष्ट सांगायची तर अर्धी गोष्ट त्या सूक्ष्मदर्शकाची सांगावी लागते, म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

रॉसचा जन्म अल्मोड्याचा, १३ मे १८५७चा. मेरठला शिपायांचा उठाव होऊन तीन दिवस झाले होते. वडील कंपनीच्या फौजेत अधिकारी, पुढे जनरल झाले. दहा भावंडांत हा थोरला. आठ वर्षांचा झाल्यावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवले. मुलाला ओढ होती चित्रकलेची, कवितेची, संगीताची आणि गणिताची. वडिलांनी ठरवले की त्याने डॉक्टर होऊन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये जायचे. आपल्याकडच्या घरांत ही गोष्ट कोणाला नवीन वाटणार नाही. मुलगा लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात दाखल झाला, पण अभ्यासात मन नव्हते. एका परीक्षेत नापास झाला, मग काही काळ अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींवर डॉक्टरकी केली, आणि अखेर १८८१ साली उरलेली परीक्षा देऊन सर्व्हिसमध्ये शिरला. मद्रास इलाखा, ब्रह्मदेश, अंदमान अशा बदल्या सुरू झाल्या. काम फार नसे. तो कादंबऱ्या लिही, गणिते सोडवी.

बंगळूरला १८८३ साली त्याला राहायला बंगला मिळाला, पण त्यात डास फार. शोधता शोधता खिडकीखालच्या पाण्याच्या पिंपात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. पिंप उपडे केले, डास कमी झाले. मेसच्या आसपासची डबडी आणि फुलदाण्याही रिकाम्या कराव्यात, असे त्याने तिथल्या लष्करी अधिकाऱ्याला सुचवले तर त्या गृहस्थांनी मोडता घातला. निसर्गाने डास निर्माण केलेत ते सोसायलाच, असा त्यांचा एकूण सूर होता. डास आणि ताप यांचा काही संबंध असेल, हे त्या वेळी रॉसच्याही डोक्यात नव्हते.

१८८८ साली रजेवर गेला तेव्हा त्याने सार्वजनिक आरोग्याची पदविका घेतली, जंतुशास्त्राचा छोटा अभ्यासक्रम केला आणि तिथे सूक्ष्मदर्शक वापरायला शिकला. पुढच्याच वर्षी लग्न करून पत्नी रोझासह परतला. आणि इथून पुढे पाच वर्षे, हाताशी चांगले यंत्र असूनही, त्याला हिवतापाचा जंतू दिसला नाही.

हे समजायला थोडे मागे जावे लागेल. अल्जीरियात फ्रेंच फौजेचा डॉक्टर अल्फोन्स लाव्हरान याने १८८० साली हिवतापाच्या रोग्याचे ताजे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले असता, त्यात काळे कण असलेले जिवंत गोळे दिसले. एकाला तर चाबकासारखे धागे फुटून ते वळवळू लागले. हिवताप दलदलीच्या दूषित हवेने होतो ही समजूत तेव्हा पक्की होती. मलेरिया या शब्दाचा अर्थच वाईट हवा. लाव्हरानचे म्हणणे पटायला लोकांना वेळ लागला. रॉस तर न पटणाऱ्यांतला पुढारी होता. त्याने शेकडो थेंब तपासले, काहीच सापडले नाही, आणि हिवताप आतड्यांतल्या बिघाडाने होतो असे लेख त्याने छापून आणले.

सूक्ष्मदर्शकाबद्दल आपला सर्वसाधारण समज असा की नळीला डोळा लावला की वस्तू मोठी दिसते, संपले. तसे नाही. यंत्रात भिंगांच्या दोन जोडण्या असतात. खालची वस्तूजवळची, वरची डोळ्याजवळची. खालचे वस्तुभिंग त्या सूक्ष्म वस्तूची मोठी प्रतिमा नळीत वर उभी करते आणि वरचे नेत्रभिंग त्या प्रतिमेला पुन्हा मोठे करून डोळ्याला दाखवते. खालचे चाळीस पट आणि वरचे दहा पट असेल तर एकूण चारशे पट. शाळेत कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी मुले पाहतात ती साधारण या ताकदीवर किंवा याहून कमी. वस्तू ठेवायच्या पाटाखाली आरसा असतो. तो खिडकीचा उजेड वर फेकतो, आणि मधले एक भिंग तो उजेड गोळा करून नेमका वस्तूवर टाकते. रॉसच्या काळी विजेचा दिवा कुठला! सूर्य हाच दिवा.

पण नुसते मोठे करून भागत नाही. धुरकट फोटो कितीही मोठा छापला तरी त्यातला चेहरा स्पष्ट होत नाही, तसेच हे. जवळजवळचे दोन ठिपके दोन म्हणून वेगळे दिसणे महत्त्वाचे. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे याने १८७३ साली दाखवून दिले की इथे प्रकाशाच्या लहरीच आड येतात. भिंग कितीही उत्तम घासले तरी सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन ठिपके साध्या उजेडात वेगळे दिसणार नाहीत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, आणि तिच्या आत शिरलेला हिवतापाचा कोवळा जंतू एक-दोन मायक्रॉनचा. म्हणजे हे सगळे नाटक यंत्राच्या मर्यादेच्या उंबरठ्यावर चाललेले.

त्या उंबरठ्यापर्यंत पोचायची युक्ती तेलाची. काचपट्टीतून निघालेला किरण हवेत आला की बाहेरच्या बाजूला वाकतो. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते त्याच कारणाने. असे वाकलेले किरण भिंगाला चुकवून निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर बारीक तपशीलही जातो. काचपट्टी आणि भिंग यांच्यामध्ये हवेऐवजी तेलाचा थेंब सोडला आणि ते तेल काचेइतकेच प्रकाश वाकवणारे असेल, तर किरणाला काच संपल्याचे कळतच नाही. तो सरळ भिंगात शिरतो. देवदारासारख्या एका झाडाचे तेल यासाठी वापरीत. १८७८ सालच्या सुमारास अशी तेलात बुडणारी भिंगे जर्मनीत तयार होऊ लागली आणि जंतुशास्त्राचे दिवस पालटले. आजही पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत हिवतापासाठी रक्त तपासताना काचपट्टीवर आधी तेलाचा थेंब पडतो.

एवढे असूनही रॉसला जंतू का दिसेना? या ताकदीला पोचले की एका वेळी फार पातळ थर स्पष्ट दिसतो. स्क्रू केसभर फिरला की चित्र गेले. ताज्या रक्तातला जंतू जवळजवळ पारदर्शक असतो, आणि उजेड फार भगभगीत असला की तो त्यात विरघळून जातो. रक्ताचा थर जाड झाला तर पेशी एकमेकींवर चढतात. शिवाय पेशींतल्या पोकळ्या, सुरकुत्या, धुळीचे कण हे सगळे जंतूसारखे दिसतात. माझे मत विचाराल तर मोठे कारण याहून साधे आहे. नेमके काय पाहायचे, हे त्याला जवळ बसून कोणी दाखवले नव्हते.

ते दाखवले पॅट्रिक मॅन्सन यांनी. १८९४ साली रॉस रजेवर लंडनला गेला तेव्हा तो त्यांना भेटला. मॅन्सन चीनच्या किनाऱ्यावर बरीच वर्षे डॉक्टर होते. हत्तीरोगाचे कृमी रोग्याच्या रक्तातून डासाच्या पोटात जातात आणि तिथे वाढतात, हे त्यांनी १८७७ साली दाखवले होते. त्यांनी रॉसला यंत्राशी बसवले आणि हिवतापाच्या रोग्याचे रक्त दाखवले. पाच वर्षे न दिसलेली गोष्ट काही दिवसांत दिसू लागली. खूण होती ते काळे कण. जंतू तांबड्या पेशीत राहून तिच्यातले रक्तद्रव्य खातो. त्यातला लोहाचा भाग त्याला पचत नाही. शेवग्याची शेंग खाल्ल्यावर ताटात चोथा उरतो तसा तो भाग काळसर कणांच्या रूपाने जंतूच्या अंगातच साठून राहतो. हे कण दिसायला कुठल्या रंगाची गरज नाही. जंतू पारदर्शक, पण त्याचा चोथा काळा. पुढची सगळी कथा या चोथ्यावर उभी आहे.

मॅन्सन यांचा तर्क असा होता की हिवतापाचा जंतूही डासात जात असावा. डास पाण्यावर मरतो, ते पाणी माणूस पितो आणि त्याला ताप येतो. तर्काचा पहिला भाग बरोबर होता, दुसरा चूक. रॉस दोन्ही भाग उराशी धरून १८९५च्या एप्रिलमध्ये सिकंदराबादला १९व्या मद्रास पलटणीत रुजू झाला. मॅन्सन लंडनला, रॉस इथे, आणि मध्ये पत्रांचा पूल. चार वर्षांत दोघांमधल्या पत्रांनी शंभरी केव्हाच ओलांडली. गुरू-शिष्याचे असे नाते विज्ञानाच्या इतिहासात फार सापडत नाही.

सिकंदराबादला त्याला हुसेन खान नावाचा रोगी मिळाला. त्याच्या रक्तात चंद्रकोरीच्या आकाराचे जंतू भरपूर होते. मच्छरदाणीत त्याला झोपवायचे, अळ्यांपासून घरीच वाढवलेले डास आत सोडायचे, आणि चावून तट्ट फुगलेले डास बाटल्यांत पकडायचे. चावणाऱ्या डासामागे हुसेन खानला एक आणा मिळे. पाण्याचा तर्क तपासायला तर रॉसने लक्ष्मण नावाच्या एका तरुण धडधाकट माणसाला पैसे देऊन, मेलेल्या डासांचे पाणी प्यायला दिले. लक्ष्मणला थोडा ताप आला, पण पुढे इतरांवर तोच प्रयोग फसला. आजच्या नियमांत असले काही बसणार नाही, आणि ते बसत नाही हे चांगलेच आहे. रॉसच्या आठवणींत ही माणसे येतात ती चार ओळींपुरती. परंतु बेगमपेटच्या त्या शोधात पहिली गुंतवणूक हुसेन खानच्या रक्ताची होती, एवढे म्हटल्यावाचून पुढे जाववत नाही.

डास फाडायचे काम कसे होते पाहा. डास मारायचा, काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवायचा, दोन सुयांनी त्याचे पोट अलगद बाहेर ओढायचे, वर पातळ काच ठेवायची आणि मग तो टीचभरसुद्धा नसलेला पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक पेशी करीत, पाहायचा. एका डासाला सुमारे दोन तास लागत. बरे, पाहायचे काय हेही माहीत नाही. डासाच्या अंगात गेल्यावर जंतू कुठल्या रूपात असेल, कुठल्या अवयवात असेल, कोणीच सांगू शकत नव्हते. त्यातून रॉसला डासांच्या जाती ठाऊक नव्हत्या. तो त्यांना राखी, पट्टेरी, ठिपकेदार पंखांचे अशी घरगुती नावे देई. जवळजवळ दोन वर्षे त्याने फाडले ते बहुतेक राखी आणि पट्टेरी डास, आणि माणसाच्या हिवतापाचा जंतू त्यांच्यात वाढतच नाही. शेकडो दुपारी वाया गेल्या. मधेच सरकारने त्याला कॉलऱ्याच्या कामावर बंगळूरला पाठवले. १८९७च्या वसंतात उटीजवळच्या घाटात हिंडताना त्याला स्वतःलाच हिवताप झाला. कोयनेल घेऊन तो बरा झाला आणि जूनमध्ये सिकंदराबादला परतला.

ऑगस्ट महिना. उकाडा आणि दमट हवा. पंखा ओढायला माणूस होता, पण पंखा चालू केला तर फाडलेले डास उडून जात. म्हणून तो बंद. कपाळाचा आणि हातांचा घाम यंत्रावर टपकून त्याचे स्क्रू गंजले होते, आणि उरलेल्या एकमेव नेत्रभिंगाला तडा गेला होता. बारीक माश्या डोळ्यांशी आणि कानांशी घोंगावत. अशात त्याच्या दवाखान्यातल्या एका भारतीय मदतनिसाने बाटलीभर अळ्या आणून दिल्या. त्यांतून निघाले तपकिरी, ठिपकेदार पंखांचे डास. आज आपण त्यांना ॲनॉफिलिस म्हणतो. ज्याने त्या अळ्या आणल्या त्याचे नाव रॉसने लिहून ठेवलेले नाही.

१६ ऑगस्टला हे डास हुसेन खानच्या मच्छरदाणीत सोडले. दहा चावले, दहा आणे झाले. पुढच्या दिवसांत रॉस एकेक फाडत गेला. काही आपोआप मेले. २० ऑगस्टच्या दुपारी, अगदी थोडे उरले असताना, त्याने आणखी एक घेतला. सगळा पडदा पाहून होत आला होता. मन थकले होते, आणि हाही वाया गेला असे म्हणून तो उठणार होता. तेवढ्यात पोटाच्या भिंतीत एक स्वच्छ गोल पेशी दिसली, सुमारे १२ मायक्रॉनची. डासाच्या पोटाच्या पेशी अशा रेखीव गोल नसतात. पुढे सरकला तर तशीच दुसरी. त्याने स्क्रू केसभर फिरवला, आणि त्या पेशीच्या आत काळे ठिपके उमटले.

डासाच्या शरीरात असले काळे कण असण्याचे काही कारण नव्हते. ते हुसेन खानच्या रक्तात मुरलेल्या जंतूनेच बरोबर आणलेले होते. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास फाडला. त्याच गोल पेशी, पण आता मोठ्या झालेल्या. म्हणजे जंतू डासात नुसता टिकत नव्हता, वाढत होता. फुटक्या नेत्रभिंगातून जे दिसले ते पुरेसे होते, कारण कोणती खूण शोधायची हे आता त्या डोळ्यांना पक्के माहीत होते. लंडनच्या प्रयोगशाळांत याहून कितीतरी चांगली यंत्रे होती. त्यांच्याखाली ठेवायला हा डास मात्र नव्हता.

त्या दिवसांत रॉसने आनंदाने एक कविताही लिहिली आणि पत्नीला कळवले. डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा लेख छापून आला. मथळा इतका बेताचा, की दोन डासांत सापडलेल्या काही चमत्कारिक पेशींविषयी एवढेच त्यात म्हटलेले. काचपट्ट्या लंडनला गेल्या, मॅन्सन आणि इतर जाणकारांनी त्या तपासून आपापली टिपणे लेखाला जोडली.

आता कोणालाही वाटेल की सरकारने त्याला मोकळे सोडून हे काम पुरे करू दिले असेल. झाले उलटे. सप्टेंबरातच बदली, आणि तीही राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथे त्याच्या कामाचे रोगी जवळजवळ नव्हते. रॉसने वैतागून राजीनाम्याचा विचार केला. मॅन्सन यांनी लंडनमध्ये बरीच खटपट केल्यावर १८९८च्या आरंभी त्याला या खास कामासाठी कलकत्त्याला पाठवले.

कलकत्त्यात नवीच अडचण. मुंबई-पुण्याच्या प्लेगाच्या बातम्या तिथे पोचलेल्या, टोचणीची धास्ती पसरलेली. रक्त काढायला सुई घेऊन येणाऱ्या गोऱ्या डॉक्टरला पाहताच लोक पळत. तेव्हा रॉस माणसांना सोडून पाखरांकडे वळला. चिमण्यांना हिवतापासारखाच एक आजार होतो आणि त्याचा जंतूही काळे कण बाळगतो. महंमद बक्ष नावाचा मदतनीस त्याला मिळाला. डास पकडणे, वाढवणे, पक्ष्यांना रात्री मच्छरदाणीत ठेवणे ही सगळी मेहनत त्याची. किशोरीमोहन बंदोपाध्याय या तरुण बंगाली शास्त्रज्ञानेही या कामाला हातभार लावला. सिकंदराबादच्या अनुभवामुळे कुठे पाहायचे ते आता माहीत होते. पोटाच्या भिंतीवरच्या गोल पेशी दिवसादिवसाला फुगत. पिकल्या की फुटत, आणि त्यांतून सुतासारखे असंख्य बारीक जीव डासाच्या अंगभर पसरत. जुलैच्या आरंभी, डासाच्या मानेजवळच्या एका ग्रंथीत हे सुतासारखे जीव खच्चून भरलेले त्याला दिसले. ही ग्रंथी कसली? सुयांनी तिची नळी पुढे पुढे सोडवत नेली तेव्हा ती सोंडेत जाऊन पोचली. म्हणजे ती लाळग्रंथी.

मॅन्सन यांचा पाण्याचा तर्क तिथेच गळून पडला. डास चावताना लाळ सोडतो आणि जंतू त्या लाळेतून जातो. निरोगी चिमण्यांना असे डास चावू दिले आणि त्या आजारी पडल्या. त्याच महिन्यात एडिंबरा येथे डॉक्टरांच्या सभेत मॅन्सन यांनी शिष्याचे काम वाचून दाखवले. आपला तर्क चुकीचा ठरवणारे काम त्यांनी इतक्या आनंदाने जगापुढे मांडले, हा या माणसाचा मोठेपणा.

रॉसला मात्र तेवढा मोठेपणा साधला नाही. १८९८च्या अखेरीस इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र ॲनॉफिलिस डासात दाखवले. काम पक्के होते. पण श्रेय कोणाचे, यावरून दोन्ही बाजूंनी जे भांडण जुंपले ते रॉसने जन्मभर चालवले. १९०२ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्याला एकट्याला मिळाले. ब्रिटनला मिळालेले हे पहिले नोबेल, आणि ते मिळाले अल्मोड्यात जन्मलेल्याला. पण त्यानेही मन शांत झाले नाही. लाव्हरानला नोबेल मिळाले १९०७ साली. ज्याचे जंतू रॉसला एके काळी खोटे वाटत होते, तोच हा लाव्हरान.

१८९९च्या फेब्रुवारीत रॉसने भारत सोडला आणि लिव्हरपूलच्या नव्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत तो शिकवू लागला. आफ्रिकेत सिएरा लिओन, सुएझ कालव्यावरचे इस्मालिया, हिंदी महासागरातले मॉरिशस, जिथे जाईल तिथे त्याचा एकच धोशा असे : साठलेले पाणी काढा, डबकी बुजवा. बंगळूरच्या पिंपाची आठवण त्याला होत असणार. आणि लहानपणीचे गणित इथे कामी आले. सगळे डास मारावे लागत नाहीत, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली की हिवताप आपोआप ओसरतो, हे त्याने समीकरणांनी मांडले. १९१०चे त्याचे हिवताप-निवारणावरचे जाड पुस्तक त्यासाठी आजही नावाजले जाते. कोविडच्या दिवसांत आलेख आणि अंदाज यांची जी चर्चा आपण रोज ऐकत होतो, त्या विद्येच्या आरंभीच्या जनकांत रॉस आहे. मला तर त्याचे हे काम डासाच्या शोधाच्या तोडीचे वाटते.

१९११ साली सर किताब मिळाला. देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरला पार्लमेंटने इनाम दिले होते, तसे आपल्यालाही मिळावे म्हणून त्याने सरकारकडे अर्ज केला. तो नाकारला गेला. म्हातारपणी पैशांची चणचण भासली तेव्हा १९२८ साली त्याने आपली सगळी कागदपत्रे आणि पत्रे दोन हजार पौंडांना विकायला काढली. लेडी ह्यूस्टन या श्रीमंत बाईंनी ती घेऊन जपली, म्हणून मॅन्सनबरोबरचा तो पत्रव्यवहार आज आपल्याला वाचायला मिळतो.

बेगमपेटची ती इमारत अजून उभी आहे, जुन्या विमानतळाजवळ. ती उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. १९९७ साली शोधाला शंभर वर्षे झाली तेव्हा तिची डागडुजी झाली आणि देशोदेशींचे मलेरियातज्ज्ञ हैदराबादेत जमले. २० ऑगस्ट हा दिवस डास दिन म्हणून ओळखला जावा ही सूचना खुद्द रॉसचीच होती, आणि दरवर्षी तो तसा पाळला जातो.

१९२७च्या जानेवारीत, सत्तरीला टेकलेला रॉस कलकत्त्याला आला. ज्या लहान प्रयोगशाळेत त्याने चिमण्यांचे रक्त तपासले होते तिच्याजवळ, प्रेसिडेन्सी जनरल हॉस्पिटलच्या भिंतीत त्याच्या नावाचे प्रवेशद्वार बांधले होते आणि त्याच्याच हस्ते ते उघडायचे होते.   त्याच वर्षी पुढे रॉसला अर्धांगवायूचा झटका आला. १९३१ साली रोझा गेली, आणि १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये, त्याच्याच नावाच्या संस्थेत, रॉसने डोळे मिटले.